डबीतली राख

असे अनुभव ज्यांना येतात ती माणसं भाविक असतात, अशी माझी समजूत होती. पहाटे उठणारी, हळू बोलणारी, कुणाला टाकून न बोलणारी. मी त्यातली नव्हे. माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या पुण्याच्या सोसायटीपासून इथे सिंगापुरात चोआ चू कांगच्या भाजीवाल्यापर्यंत कुणीही सांगेल. त्यातून ज्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे, त्या दिवसांत माझं देवीशी बोलणंच बंद होतं. दोन वर्षं आमचा अबोला चालला होता. म्हणजे अबोला माझा. तिचं काय होतं ते तिलाच ठाऊक.

कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी पुण्यात हे आजारी पडले आणि बघता बघता हाताबाहेर गेले. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मी घरी आले आणि आमच्या कुलस्वामिनीची बोटभर पितळी मूर्ती उचलून पाण्याच्या वाटीत ठेवली. आमच्याकडे तशी रीतच आहे. जिवावरचं संकट आलं की देव पाण्यात घालून बसायचं आणि मागणं पुरं होईपर्यंत बाहेर काढायचं नाही. देवाची कोंडी करायची म्हणा ना. आठ दिवस ती पाण्यात होती. आठव्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. सगळं उरकल्यावर मी तिला बाहेर काढलं, पुसलं, जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "झालं तुझं समाधान?" तेवढंच शेवटचं. त्यानंतर मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही.

पूजा मात्र सोडली नाही. नवऱ्याशी भांडण झालं म्हणून कुणी चूल बंद ठेवतं का? तसंच हे. अंघोळ झाली की दिवा लावायचा, फूल वाहायचं, बोटाने अंगारा कपाळाला लावायचा आणि तोंड मिटून स्वयंपाकघरात जायचं.

माझी एकुलती एक लेक सायली सिंगापूरला विद्यापीठात संशोधन करते. वडील गेल्यावर तिने माझ्या मागे लकडाच लावला, "आई, तिथे एकटी भिंतींशी भांडत बसण्यापेक्षा माझ्याशी येऊन भांड." म्हणून मी देवीची मूर्ती बरोबर घेऊन दोन-तीन महिन्यांसाठी आले. तिचा विषय ज्वालामुखी, आणि त्यातही राख. डोंगर फुटल्यावर जी राख उडते ती कुठवर जाते, कुणाच्या छपरावर किती साचते, कुणाच्या फुप्फुसात काय करते, हे ती बघते. माझी नणंद म्हणाली होती, "एवढं शिकून पोरीने राखच निवडली?" मलाही तेच वाटायचं, पण नणंदेपुढे कसं कबूल करणार? मी म्हटलं, "तुमच्या पोराने काय सोनं निवडलंय?"

सायलीचा देवाधर्मावर विश्वास नाही, पण चेष्टा ती प्रेमाने करते. मी पूजेला बसले की म्हणायची, "आई, आपला सगळा सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, माहितीये? गावची तुझी देवी ज्या काळ्या दगडातली आहे ना, तो माझ्याच खात्यातला." एकदा जेवताना तिने मला समजावून सांगितलं होतं की चुलीतली राख ही जळलेल्या लाकडाची आणि शेणाची असते, हलकी, मऊ. डोंगराची राख म्हणजे दगडाचा आणि काचेचा बारीक भुगा. ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते आणि सुकली की सिमेंटसारखी घट्ट होते. छपरावर साचली आणि वर पाऊस पडला की छप्पर माणसांसकट खाली येतं. मी "हो का" म्हणून तिला आणखी एक पोळी वाढली होती.

आता माझी चूक सांगते. एका रविवारी सायली इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या तिच्या ज्वालामुखीच्या डोंगरावरून परतली होती. सोमवारी प्रयोगशाळेत न्यायचे राखेचे नमुने तिने जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवले होते. प्रत्येक नमुना आत एका छोट्या झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी बाहेरून दुसऱ्या जाड पिशवीत. नाव-गाव सगळं बाहेरच्या पिशवीवर लिहिलेलं. त्याच टेबलाच्या कडेला माझी देवाची फळी. त्याच दिवशी माझी अंगाऱ्याची डबी संपली होती, म्हणून पुण्याहून आणलेला अंगारा काढला. तोही झिपच्याच छोट्या पिशवीत. मी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या पिढीची बाई. सायलीच्या त्या जाड, दणकट पिशव्या बघून माझा जीव वरखाली व्हायला लागला. बाजारातून आणलेला कढीपत्ता नुसताच पडला होता. तेव्हा मी एका नमुन्याची बाहेरची पिशवी काढली, छान धुतली, पुसली, त्यात कढीपत्ता भरून फ्रीजमध्ये ठेवला. मग टेबल आवरलं, करड्या भुकटीची एक छोटी पिशवी डबीत रिकामी केली आणि दुसरी सायलीच्या नमुन्यांत ठेवून दिली. कुठली कुठे गेली हे बघायचं असतं, असं मनातही आलं नाही.

रात्री सायलीने विचारलं, "आई, याची वरची पिशवी कुठे गेली?" मी म्हटलं, "घरात पिशव्यांना काय तोटा? घे दुसरी." ती कुरकुरली, बाकीच्या पिशव्यांवरची नावं वाचली, राहिलेलं एक नाव ओळखून नव्या पिशवीवर लिहिलं. विषय संपला.

त्यानंतर आठवडाभर मी रोज अंगारा लावत होते आणि कपाळावर लाल चट्टा उठला होता. मी दोष दिला सिंगापूरच्या दमट हवेला. पुढच्या मंगळवारी सायली पुन्हा त्याच डोंगरावर निघाली. दारात तिच्या कपाळाला मी बोट लावलं. देवीशी अबोला असला तरी लेकीला मोकळ्या कपाळाने कसं पाठवणार? "आई, खरखरीत काय आहे गं हे?" म्हणत तिने लिफ्टच्या आरशात बघून ते पुसून टाकलं. जाताना मी तिच्याकडून रोजचा कार्यक्रम लिहून घेतला आणि फ्रीजवर चिकटवला. मंगळवार, पोहोचणार. बुधवार आणि गुरुवार, खालची गावं. शुक्रवार, वरचं ठाणं. वरचं ठाणं म्हणजे डोंगराच्या खांद्यावर त्यांनी यंत्रं बसवली होती ती जागा, तोंडापासून अगदी जवळ.

तिच्या सामानात एक पुडकं यान्तीचंही होतं. यान्ती आमच्याच इमारतीतल्या एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थांची देखभाल करायची. चाळिशीची, डोक्याला रुमाल बांधणारी जावाची मुसलमान बाई. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, ती रोज दुपारी अंकलना चाकाच्या खुर्चीतून घेऊन बसायची. मी पण तिथेच. बोलायची खोड कुठे जाते! आमची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी, तिने हिंदी सिनेमांतून उचललेले चार शब्द आणि हातवारे. त्यातून मला कळलं की तिचं गाव सायलीच्या डोंगराच्याच पायथ्याशी आहे. आई आणि थोरला भाऊ तिथे, एक गाय, मिरचीचं शेत. मी तिला आंटी नव्हे, "इबू" होते. इबू म्हणजे आई. डोंगराला ती "म्बाह" म्हणायची, म्हणजे आजोबा. म्बाह खोकतो, म्बाह झोपलाय. मी तिला म्हटलं होतं, "तुझ्या आजोबांना औषध द्या म्हणावं." ती तोंडावर हात ठेवून हसली होती. सायली निघाली तेव्हा तिने आईसाठी मलमाच्या बाटल्या आणि एक शाल पाठवली.

शुक्रवारी दुपारी तीन वाजून गेले असतील. आम्ही दोघी खाली बसलो होतो, अंकल खुर्चीत डुलकी घेत होते. यान्तीचा फोन वाजला, मग लगेच पुन्हा, मग थांबेचना. तिच्या गावच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. तिने तो उघडला आणि तिच्या तोंडून "या अल्लाह" एवढंच निघालं. मी वाकून बघितलं. डोंगराच्या तोंडातून काळपट ढग वर चढत होता आणि तसाच एक ढग उतारावरून खाली धावत होता. धावतच होता हो. झाडं त्याच्यासमोर काड्यांसारखी दिसत होती. ज्याने चित्रण केलं तो माणूस ओरडत पळायला लागला आणि व्हिडिओ संपला.

फ्रीजवरचा कागद माझ्या डोळ्यांसमोर आला. शुक्रवार, वरचं ठाणं.

मी सायलीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. ती नेहमी म्हणते, आई, सारखा सारखा फोन करू नकोस. मी किती वेळा केला त्याची गणती नाही. विद्यापीठात फोन केला तर तिथली मुलगी बिचारी फार गोड बोलली; आम्ही प्रयत्न करतोय, कळलं की लगेच कळवू. गोड बोलणाऱ्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता. यान्तीचं तेच चाललं होतं. आई नाही, भाऊ नाही. ग्रुपवर मात्र एकेक तुकडा येत होता. भरदुपारी अंधार झालाय. मोटारसायकलीचे दिवे लावूनही पुढचं दिसत नाही. लोक तोंडाला ओले टॉवेल बांधून ट्रकमागे पळतायत. एक छप्पर बसलं. मग कुणीतरी लिहिलं की टॉवर बंद पडलाय, आणि ग्रुपही गप्प झाला. ते गप्प होणं सगळ्यात वाईट होतं.

आमच्या आजूबाजूला सिंगापूर नेहमीसारखं चाललं होतं. शाळेतून आलेली मुलं आइस्क्रीम खात लिफ्टकडे गेली, एक बाई कपडे काठीवर वाळत घालत होती. या देशात ना डोंगर ना भूकंप. इतक्या सुरक्षित जागी बसून आपलं माणूस तिकडे काय भोगत असेल हे मनात आणायचं, याच्यासारखी शिक्षा नाही.

साडेसहाला यान्तीच्या मॅडम, म्हणजे अंकलची मुलगी, पाया लेबारच्या ऑफिसातून आल्या. त्यांना कळल्यावर त्या यान्तीला म्हणाल्या, "आज बाबांचं मी बघते. तू आंटीबरोबर थांब." भली बाई. यान्ती माझ्याबरोबर वर आली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी तडक देवाच्या फळीपाशी गेले.

दोन वर्षांचा अबोला मी मोडला, आणि कसा मोडला ते लिहायची मला लाज वाटते. मी तिला शिव्या दिल्या. म्हटलं, "एक नेलास, आता दुसरी? तुझं पोट तरी केवढं गं?" मग रडले. मग म्हटलं, सायली आली तर अनवाणी तुझा डोंगर चढेन, ओटी भरेन, जन्मभर मंगळवार धरेन, काय हवं ते माग. मी पातेल्यात पाणी घेतलं, अंगारा तिच्या कपाळाला लावला आणि तिला उचलून पाण्यात घातलं. म्हटलं, "आता बघतेच, माझी लेक आल्याशिवाय तू बाहेर कशी येतेस ते."

तेव्हा मला ते दिसलं. बोटांना लागलेला, मूर्तीवरचा अंगारा पाण्यात सुटला. अंगारा पाण्यावर तरंगतो, पाणी गढूळ करतो. जन्मभर मी ते बघत आले आहे. हा सरळ तळाशी गेला. वाळू जाते तसा. पाणी वर स्वच्छ आणि खाली करड्या कणांचा थर. मी डबीतून चिमूटभर काढून बोटांत चोळला. खरखर. कपाळावरच्या चट्ट्याला माझा हात आपोआप गेला. सायलीचं जेवताना बोललेलं आठवलं आणि फ्रीज उघडून मी कढीपत्त्याची पिशवी बाहेर काढली. धुतली होती, पण पक्क्या शाईने लिहिलेलं गेलं नव्हतं. सायलीचं अक्षर. मी यान्तीपुढे धरली. तिने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"इबू," ती म्हणाली, "हे माझं गाव."

म्हणजे जवळजवळ दोन आठवडे मी देवीचा अंगारा म्हणून त्या डोंगराची राख कपाळाला लावत होते. ज्याने माझी लेक गिळली, त्याची. लेकीलाही तीच लावून पाठवली होती. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी डबी उचलली आणि नळाखाली ओतायला निघाले. यान्तीने माझं मनगट धरलं. एरवी माझ्यासमोर मोठ्याने न बोलणारी बाई, पण पकड घट्ट होती.

"पाण्यात नको, इबू. घट्ट होईल. पाइप बंद. मग सगळ्या इमारतीचं पाणी बंद," ती म्हणाली. आणि हळू आवाजात, "आणि ती आमच्या गावच्या घरांवरची आहे. असू दे."

मी मटकन खाली बसले. तीही बसली, माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर. तिची आई त्या राखेखाली होती की नव्हती हे तिलाही ठाऊक नव्हतं. तरी तिने डोंगराला एक वाईट शब्द वापरला नव्हता. मी विचारलं, "तुला राग नाही येत?" ती म्हणाली, "राग येतो. पण म्बाहला सांगून काय? तो आधीपासून तिथे आहे. आम्ही त्याच्याकडे राहतो." एवढं म्हणून तिने हात-पाय धुतले, माझ्याकडे एक स्वच्छ टॉवेल मागितला, खिडकीजवळ अंथरला आणि नमाज पढली. तिने काय मागितलं ते मला कळलं नाही, पण ती भांडत नव्हती हे दिसत होतं. कपाळ टेकून ती बराच वेळ तशीच राहिली.

माझ्या मनात त्या वेळी काय झालं हे मला नीट सांगता येणार नाही. एवढं खरं की पातेल्यातल्या मूर्तीकडे बघून मला पहिल्यांदाच तिची दया आली. आठ दिवस मी तिला असंच कोंडलं होतं. माझ्या संसारात तिने माझ्या हुकमाने वागावं म्हणून. आता माझ्याजवळ तिला द्यायला काहीच नव्हतं, धमकीही नव्हती. मी तिला पाण्यातून काढलं, पदराने पुसलं, डोळ्यांच्या खाचांतली राख नखाने काढली आणि जागेवर ठेवलं. म्हटलं, "नाही कोंडत तुला. सायली तुझ्या हातात आहे. तू म्हणशील तसं. मला फक्त सोसायला बळ दे." डबीचं झाकण लावून ती तिच्यापुढे ठेवली. चमत्कार काही झाला नाही. फोन वाजला नाही. पण मी उठले आणि यान्तीसाठी भात टाकला. दोघींनी चार चार घास गिळले. नऊला ती खाली गेली.

सकाळी साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे घसा बसलेली बाई खोकत होती. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"आई, मी आहे."

मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक ओरडलेच तिच्यावर. ती म्हणाली, "आई, रागव नंतर, हा फोन कुणाचातरी आहे. मी ठीक आहे. खालच्या शाळेत आहोत सगळे. मी वर गेलेच नाही." मग तिने सगळं सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी इथल्या प्रयोगशाळेतून तिच्या सहकाऱ्याचा निरोप आला होता. तुझ्या एका पिशवीत डोंगराची राख नाहीच, शेणाची आणि लाकडाची आहे, कापरासारखा वासही येतोय. "मला इतकी लाज वाटली, आई. वाटलं, छपरावरची राख भरताना मी कुणाच्यातरी चुलीचीच भरून आणली. म्हणून शुक्रवारी वर जायचं रद्द केलं. सगळी टीम खालीच थांबवली आणि मी तो नमुना पुन्हा घ्यायला त्या गावात गेले."

यान्तीची शाल द्यायची म्हणून ती आधी यान्तीच्याच घरी गेली. तिथे शिडीवर चढून छपरावरची राख झाडत असताना आवाज झाला. यान्तीची आई गायीला सोडून हलायला तयार नव्हती. सायलीने तिला ती शाल पांघरली आणि थाप मारली की तुमच्या मुलीनेच मला तुम्हाला न्यायला पाठवलंय. म्हातारी ट्रकमध्ये चढली. ट्रकमागे अंधार येत होता. वरचं ठाणं राहिलेलं नाही, असं सायली म्हणाली. तिथे काहीच राहिलेलं नाही.

मी म्हटलं, "सायली, ती राख माझी होती. अंगारा होता तो."

ती खोकत खोकत म्हणाली, "आई, तू पिशवी धुतलीस?"

"धुतली."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मीही तसंच केलं.

मी चपला न घालताच खाली गेले. यान्ती त्या दिवशी सकाळीच रोजच्या जागी येऊन बसली होती, अंकल खुर्चीत. तिची आई सुखरूप आहे हे सांगायला मी धावले होते, पण ते तिला कळलं होतं. दुसरंही कळलं होतं. तिचा थोरला भाऊ शुक्रवारी दुपारी गायीसाठी गवत कापायला वर गेला होता. वरच्या उतारावर गवत चांगलं मिळतं. तो परत आला नव्हता, आणि सकाळी ज्यांना तो सापडला त्यांनी तिला कळवलं होतं. ती मला म्हणाली, "इबू, तुझी मुलगी चांगली. माझ्या आईला आणलं. अल्हम्दुलिल्लाह." तिचे डोळे कोरडे होते. अंकलनी आपला सुरकुतलेला हात तिच्या डोक्यावरच्या रुमालावर ठेवला होता.

मला माझा आनंद कुठे लपवू असं झालं. माझ्या हातून एक वेडगळ चूक झाली आणि माझी लेक खाली उतरली. तिच्या भावासाठी कुणी चूक केली नाही. हे असं का, ते मी देवीला विचारलं आहे, अजूनही विचारते. उत्तर मिळालेलं नाही. मला कुणी म्हटलं की बघा, देवीने कसं वाचवलं, तर मी गप्प बसते. मी गप्प बसते म्हणजे विचार करा. तिने वाचवलं असं मी मानते, मनापासून मानते. दोन वर्षं तोंड फिरवून बसलेल्या बाईच्या डबीत हात घालून वाचवलं. पण ते मिरवावं असं मला वाटत नाही, कारण ज्या अदलाबदलीने माझं घर राखलं, त्यातली डबीत आलेली राख दुसऱ्या एका घराच्या छपरावरची होती.

सायली पाच दिवसांनी आली. केसांतून, कानांतून राख निघत होती. तिने प्रयोगशाळेतून माझा अंगारा परत आणला. पिशवीवर लाल शाईने फुली मारली होती आणि "बाद" असं लिहिलं होतं. "घे तुझा नमुना," म्हणाली. मी तो डबीतच ओतला, त्या राखेवर, आणि बोटाने दोन्ही एक केलं. सायली ओरडली, "आई, ती काच आहे, काच! कपाळ सोलशील!" पण त्या दिवशी ती देवापुढे माझ्या शेजारी दोन मिनिटं बसली. हात जोडले नाहीत. नुसती बसली.

मॅडमनी यान्तीला घरी जायला रजा दिली. निघण्याआधी ती वर आली आणि डबी बघायला मागितली. उघडली नाही, झाकणावर फक्त हात ठेवला. मी तिच्या भावाचं नाव विचारलं. इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं. जोको.

आता मी रोज देवीशी बोलते, तेही पुष्कळ. ऐकून ऐकून कंटाळत असेल बिचारी. पण मागत काही नाही आणि पाण्यात घालायचं तर नावच नको. डबीतली एवढीशी चिमूट बोटावर घेते, कपाळाला लावते. खरखरतं, दुपारपर्यंत थोडी खाजही सुटते. सुटू दे. "सायली तुझी, जोकोही तुझाच," एवढं म्हणते आणि दिवा लावते.